भाजीचा मोसम आणि पथ्याचा कागद

मधुमेहाच्या रुग्णाच्या हाती आपण जो छापील पथ्याचा कागद देतो, त्यावर रुग्णाचे वजन असते, उष्मांकांची बेरीज असते, काय खावे आणि काय टाळावे याचे दोन रकाने असतात. ऋतूचे नाव मात्र नसते. जानेवारीत आलेल्या रुग्णाला तोच कागद आणि जुलैमध्ये आलेल्यालाही तोच. शरीराचे व्यापार बाराही महिने सारखे चालतात असे क्षणभर धरले, तरी बाजार सारखा चालत नाही. पौषातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, वालीच्या शेंगा, वांगी यांचे ढीग लागलेले असतात आणि विकणारी बाई जुडीवर जुडी घालून देते. आषाढात त्याच जागी ताडपत्रीखाली चार ओल्या जुड्या असतात, त्यांतील निम्मी पाने काळी पडलेली असतात आणि भाव विचारण्यापूर्वीच गिऱ्हाईक पुढे सरकते. ‘हिरव्या पालेभाज्या भरपूर खा’ हे आपले वाक्य या दोन्ही दिवशी अक्षरशः सारखे असते. त्याचा अर्थ मात्र सारखा राहत नाही. या लेखाचा विषय तो फरक आहे.

वैद्यकीय व्यवसायाच्या स्मरणिकेत भाजीच्या भावाची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तरासाठी फार लांब जायला नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ज्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तीत देशाचे सरासरी प्रमाण ११.४ टक्के आढळले आणि सर्व राज्यांत पहिला क्रमांक गोव्याचा लागला : २६.४ टक्के. म्हणजे प्रौढांपैकी चौघांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या फेरीत गोव्यातील सुमारे ३९ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या कक्षेत आल्या, आणि हे प्रमाण त्याआधीच्या फेरीपेक्षा वाढलेले होते. या दोन्ही विकारांत औषधाच्या जोडीने आपण ज्या एका वस्तूची शिफारस करतो, ती वस्तू वर्षातले चार महिने सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जात असेल, तर तो प्रश्न स्वयंपाकघराइतकाच दवाखान्याचाही ठरतो.

थोडा हिशेब मांडून पाहू. जागतिक आरोग्य संघटना दररोज माणशी किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत असे सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही. पाच माणसांच्या घराला रोजचे दोन किलो झाले. किलोला सरासरी ४० रुपये भाव असेल तर दिवसाला ८० रुपये लागतील. तोच भाव ८० वर गेला तर १६०. महिन्याला फरक २४०० रुपयांचा. तेवढ्या पैशांत त्याच घरातील एखाद्या मधुमेह्याची साधी औषधे निघू शकतात, आणि गृहिणी तो विचार करतेच. ‘भाजी खंय परवडटा, दोतोर?’ हा प्रश्न पावसाळ्यात ज्याने ऐकला नाही, असा सामान्य व्यवसायी गोव्यात मिळणे कठीण. हा प्रश्न पथ्य मोडण्याची सबब म्हणून सोडून देण्यासारखा नाही. रुग्ण आपल्याला त्याच्या पथ्याविषयीची खरी माहिती देत असतो.

गोव्याच्या भाजीचे गणित मुळात घाटाच्या पलीकडे सुटते. आपल्या बाजारात येणारी बहुतांश भाजी बेळगाव आणि त्या परिसरातून येते. कोबी, फुलकोबी, गाजर, बीट, फरसबी, हिरवी मिरची, कोथिंबीर हे सगळे रात्री गाडीत चढते आणि चोर्ला किंवा अनमोडचा घाट उतरून पहाटे पणजी, म्हापसा, मडगाव गाठते. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरांचे; कोरड्या दिवसांत ते काहीच वाटत नाही. मात्र आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्या काळात खाजणांत आणि शेतांत भात उभे असते. भाजीला सपाट, निचऱ्याची जमीन उरत नाही. घाटावर पाऊस तुलनेने कमी असला तरी भाजी ओल्या शेतातून ओलीच काढावी लागते, ओलीच भरावी लागते, आणि गच्च भरलेल्या गाडीत ती तापते. पालेभाजी आणि कोथिंबीर यांचा नाश सर्वांत आधी होतो. त्यामुळे शेतकऱ्याने शंभर जुड्या पाठवल्या तरी विक्रेत्याच्या हाती साठच लागतात, आणि उरलेल्या चाळीसांची किंमत त्या साठांवर बसते. ग्राहकाला वाटते व्यापाऱ्याने लुटले. कधी लुटतोही, परंतु पावसाळ्यातील दरवाढीचा मोठा भाग असा कुजलेल्या मालातच असतो.

त्यात रस्ता बंद पडला तर विचारायलाच नको. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव आणि कोल्हापूर भागांत महापूर आला, कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस वाहतूक थांबली आणि गोव्यात दूध व भाजी या दोहोंचा तुटवडा जाणवला. मार्च २०२० मध्ये पाऊस नव्हता, पूर नव्हता. टाळेबंदीत राज्याच्या सीमा बंद झाल्या आणि पहिल्या आठवड्यातच घरोघरी भाजीचे हाल झाले. कारण वेगळे असले तरी उघडे पडले ते एकच : आपली भाजीची टोपली दुसऱ्याच्या अंगणात ठेवलेली आहे.

ऋतूचा भावावर परिणाम कसा होतो हे समजून घ्यायचे असेल तर २०२३ सालच्या टोमॅटोसारखे उदाहरण नाही. त्या वर्षीच्या वसंतात भाव इतके पडले होते की अनेक शेतकऱ्यांना तोडणीची मजुरीही सुटेना. काहींनी उभ्या पिकात नांगर घातला, आणि पुढची लागवड साहजिकच कमी झाली. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. पाठोपाठ उष्णता वाढली. टोमॅटोचे झाड या बाबतीत मोठे नाजूक आहे : दिवसाचे तापमान पस्तीस अंशांच्या पुढे गेले आणि रात्रही थंड होईनाशी झाली की त्याचे फूल गळते, फळ धरत नाही. जी झाडे यातून वाचली, त्यांतील बरीचशी महाराष्ट्रात आणि कोलारकडे विषाणुजन्य रोगांनी गाठली. मग मान्सून उशिरा आला आणि आल्यावर जुलैत धो-धो कोसळला. टोमॅटोचा जुलै-ऑगस्ट हा एरवीही तुटीचा काळ. कारण रोप लावल्यापासून पहिली तोडणी व्हायला दोन-अडीच महिने लागतात आणि त्या महिन्यांत येणारे पीक भर उन्हाळ्यात लावलेले असते. परिणाम आपण सर्वांनी पाहिला. जुलैमध्ये देशभर टोमॅटोने शंभरी ओलांडली, कित्येक शहरांत तो दोनशेवर गेला. केंद्र सरकारने १४ जुलैपासून दिल्ली परिसरात व आणखी काही शहरांत ९० रुपये किलोने स्वतः विक्री सुरू केली, पुढे हा दर ८० आणि ७० वर आणला, आणि ऑगस्टमध्ये नेपाळहून टोमॅटो आणवले. सप्टेंबरमध्ये मात्र चढे भाव पाहून लावलेले सगळे पीक एकदम बाजारात आले आणि भाव कोसळले. शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली. तीन महिन्यांच्या आत ग्राहक रडला आणि शेतकरीही रडला.

या घटनाक्रमातून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे मागणीचा हट्ट. भाजी थोडी कमी आली की भाव थोडा वाढत नाही, खूप वाढतो. कारण रोजच्या स्वयंपाकाला टोमॅटो, कांदा, मिरची लागणारच असे आपण धरून चाललेलो असतो. पुरवठा एक पंचमांश घटला तर भाव दुपटीवर जाणे यात नवल नाही. दुसरी गोष्ट अशी की आजचा भाव आजच्या हवामानापेक्षा चार महिन्यांपूर्वीच्या भावाने अधिक ठरतो. शेतकरी मागच्या हंगामाकडे पाहून लावणी करतो, ढग मात्र त्याला विचारून येत नाहीत. जुलै २०२३ मध्ये देशातील भाजीपाल्याची किरकोळ महागाई वर्षभरापूर्वीच्या तुलनेत ३७ टक्क्यांवर गेली होती, ऑक्टोबर २०२४ मध्ये ती ४२ टक्क्यांवर पोहोचली. आणि जुलै २०२५ मध्ये हाच आकडा उणे २० टक्क्यांच्या आसपास उतरला. रक्तातील साखरेचा असा आलेख रुग्णाने आणून दाखवला असता तर आपण त्याला ताबडतोब दाखल करून घेतले असते. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार ग्राहक टोमॅटोसाठी देतो त्या रुपयातील सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७. चढत्या भावाचा लाभ शेताच्या बांधापर्यंत फारसा पोहोचत नाही, हे यावरून उघड आहे.

कांद्याविषयी लिहावे तेवढे थोडे, पण त्याने सरकारे पाडली आहेत आणि त्याच्यावर लिहिणारेही पुष्कळ आहेत. एवढेच सांगतो की देशाच्या कांद्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग रब्बीचा असतो. तो मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत साठवून दिवाळीपर्यंत पुरवावा लागतो. दमट हवेत तो कुजतो, त्याला कोंब फुटतात. आषाढातली कांदेनवमी आणि त्यानंतरचा चातुर्मासाचा कांदात्याग नेमका साठवणीचा कांदा खराब होऊ लागतो त्याच सुमारास येतो. पूर्वजांनी ठरवून केले की योगायोगाने झाले, हा वाद ज्याचा त्याने घालावा.

आता गोव्याकडे वळू. कारण आपल्याकडे या सर्वसाधारण चित्रात दोन गोष्टींची भर पडते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. माशांच्या प्रजननासाठी ती बंदी आवश्यकच आहे. परंतु ज्या समाजाचे रोजचे प्रथिन मासळीतून येते, त्या समाजाला हे दोन महिने बाजाराकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात जातात तोवर श्रावण लागलेला असतो आणि हिंदू घरांतून मासळी वर्ज्य होते. पुढे लगेच चतुर्थी. म्हणजे जून ते सप्टेंबर या चारही महिन्यांत कोणत्या ना कोणत्या कारणाने गोमंतकीय घर भाजीकडेच वळलेले असते, आणि भाजी वर्षात सर्वांत कमी असते ती याच चार महिन्यांत. मागणी शिगेला आणि पुरवठा तळाला, असा हा दरवर्षीचा मेळ आहे. त्याला आपण दर पावसाळ्यात ‘अचानक भडकलेले भाव’ म्हणतो याचे मला नवल वाटते.

जुन्या गोव्याने या चार महिन्यांची तजवीज पुरुमेंताने केली होती. मे महिन्यात सुकी मासळी, सुंगटे, मिरची, सोले, खारातली तोरे, फणसाच्या आठळ्या, कडधान्ये, सगळे भरून ठेवायचे आणि दारे लावून पावसाला सामोरे जायचे. ही व्यवस्था शहाणपणाची होती यात शंका नाही. परंतु डॉक्टर म्हणून तिच्याकडे पाहताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही : तिचा निम्मा आधार मीठ आहे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे आपण सांगतो, आणि एका जेवणात खारा बांगडा, लोणचे आणि पापड असे तिन्ही आले तर ही मर्यादा दुपारीच ओलांडली जाते. आषाढात पाय सुजून, धाप लागून येणाऱ्या हृद्रुग्णाच्या गोळ्या वाढवण्याआधी त्याच्या ताटात काय आहे हे विचारावे. बहुधा भाजीची जागा खाऱ्याने घेतलेली आढळते, आणि ती आवडीपेक्षा भावामुळे घेतलेली असते. २०२५ साली तर मान्सून २५ मेच्या सुमारासच गोव्यात येऊन ठेपला. वाळवणाचे दिवसच पावसात गेले. ऋतू असे सरकू लागले तर पुरुमेंताचे वेळापत्रकही कोलमडेल, हा विचार आपण अजून फारसा केलेला नाही.

खाऱ्यापेक्षाही अधिक नुकसान भाताने होते, असे माझे मत आहे. भाजी महाग झाली की ताट रिकामे राहत नाही. ती जागा शीत, पाव आणि बटाटा यांनी भरली जाते. पोट भरते, पैसे वाचतात, आणि तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ए-वन-सीचा अहवाल हाती आल्यावर आपण रुग्णाला बोलतो. जूनमधील साखर आणि सप्टेंबरमधील साखर यांची तुलना करताना मधल्या बाजाराची आठवण ठेवणे न्यायाचे होईल. याच संदर्भात एक लहानशी गोष्ट. पुण्या-मुंबईत छापलेल्या पथ्याच्या कागदावर ‘दुधी’ असतो. गोव्यातील पुष्कळ घरांत ‘दुदी’ म्हणजे तांबडा भोपळा. तुमचा दुधी भोपळा तो आमचा ‘कोंकणदुदी’. कागदावर दुधी वाचून मधुमेही माणूस मनसोक्त गोड भोपळा खातो आणि पथ्य पाळल्याचे समाधानही मिळवतो. त्यात त्याला काय दोष द्यायचा?

मग पावसाळ्यात खावे काय? रानभाज्यांचे गुणगान करण्याची अलीकडे पद्धत पडली आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. मृगाच्या सरी पडल्या की टाकळा, म्हणजे आपला तायकिळा, फुकट उगवतो. त्याची कोवळी पाने जूनअखेरपर्यंतच घ्यावीत, पुढे ती राठ होतात. कुरडूची पाने, अळू, तेरे, शेवग्याचा पाला, बांबूचे कोंब अर्थात किल्ल, फागले, ही सगळी पावसाची देणगी. ताज्या पानातील क जीवनसत्त्व तोडणीनंतर झपाट्याने घटते, त्यामुळे परसातून तोडलेला शेवग्याचा पाला हा घाट उतरून आलेल्या दोन दिवसांच्या मेथीपेक्षा केव्हाही सरस. परंतु रानभाजी म्हणजे आपोआप निर्धोक, असे मानणे बरोबर नाही. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आपल्या आज्या त्यात आंबाडे किंवा चिंच घालून भरपूर शिजवत, त्यामुळे घशाची खाज टळते. मूतखडा झालेल्याने मात्र ते बेतानेच खावे. किल्लात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. ते पाणी बदलून भिजवणे आणि उकडणे ही गावातली रीत सोडता कामा नये. रस्त्याच्या कडेला, गटाराच्या काठी किंवा तणनाशक मारलेल्या जागी उगवलेला पाला घेऊ नये. आणि अळमी! जंगलातली ही अळंबी पावसाळ्यात महामार्गावर सोन्याच्या भावाने विकली जातात. ओळखीच्या माणसाने ओळखीच्या वारुळावरून आणलेली असतील तर गोष्ट वेगळी. विषारी जातींपैकी काहींचा त्रास खाल्ल्यानंतर सहा तास ते दिवसभराने सुरू होतो आणि तोवर यकृताची हानी होऊन गेलेली असते, हे आपण डॉक्टरांनी तरी मोठ्या आवाजात सांगितले पाहिजे.

ज्या रुग्णांच्या हृदयात धातूची झडप आहे आणि जे वॉरफरिन घेतात, त्यांच्यासाठी ऋतूचा प्रश्न अधिकच नाजूक असतो. पालेभाजीतील के जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करते. भाव चढले म्हणून महिनाभर पाला न खाल्लेला रुग्ण परसात तायकिळा उगवताच रोज खाऊ लागला, की त्याचा आयएनआर खाली उतरू शकतो; उलट क्रमाने तो वर जाऊन रक्तस्रावाचा धोका संभवतो. अशा रुग्णाला ‘पालेभाजी बंद’ असे सांगणे सोपे, पण ते अनावश्यक आहे. रोज थोडी, पण बारमाही सारखी खा, असे सांगावे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी एक जादा तपासणी लिहून द्यावी.

पालेभाजी नसेल तेव्हा कडधान्य हा खरा आधार आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकात आधीपासून आहे. अळसांदे, चवळी, मूग मेमध्ये भरून ठेवले तर त्यांना पाऊस शिवत नाही. मोड आलेल्या मुगाची मुगागाठी हा सणाचा पदार्थ म्हणून मागे पडला आहे. तो आठवड्यातून तीनदा व्हायला हरकत नाही. मोड आणल्याने क जीवनसत्त्वही मिळते, जे सुक्या दाण्यात नसते. मीठ नाही, भाताएवढी साखर चढत नाही, आणि खर्च टोमॅटोच्या मानाने कमी. रक्तक्षय असलेल्या स्त्रीला जुलैत पालक शोधायला पाठवण्यापेक्षा मोडाच्या उसळीवर लिंबू पिळायला सांगणे अधिक व्यवहार्य आहे. लिंबातल्या आंबटामुळे त्यातील लोह शरीराला अधिक लागू पडते.

सरकारच्या बाजूने बोलायचे तर गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाचे गाडे गावोगावी उभे आहेत आणि ते सवलतीच्या दरात भाजी विकतात, ही देशातील फार थोड्या राज्यांत दिसणारी सोय आहे. जुलै २०२३ मध्ये पुष्कळ घरांना त्यांचाच आधार होता. माझा आक्षेप एवढाच की ही सवलत भाव उतरवते, ऋतूला हात लावत नाही. गाड्यावरची बरीचशी भाजी घाट उतरूनच आलेली असते. सरकार आपल्या खिशातून फरक भरते आणि घाट बंद पडला की गाडाही रिकामा राहतो. श्रावण-भाद्रपदात आपल्याच सड्यांवर आणि डोंगरउतारांवर काकडी, दोडकी, भेंडी, पडवळ, चिबूड ही पावसाळी वेलभाजी उत्तम होते. रस्त्याकडेला बसून ती विकणाऱ्या बायका आपण दरवर्षी पाहतो. ज्या सवलतीचा पैसा बाहेरच्या कोबीवर जातो, त्यातील काही हिस्सा मे महिन्यातच या बायकांना खरेदीची हमी म्हणून मिळाला तर सड्यावरची लागवड वाढेल. आगशीची वांगी, सात शिरांची भेंडी, खोल्याची मिरची यांना भौगोलिक मानांकन मिळाले याचा अभिमान आहेच. पण मानांकनाचा दाखला भिंतीवर आणि शेत बिल्डरच्या नकाशावर, असे झाले तर काय उपयोग? २००७ च्या जानेवारीत लोकांच्या रेट्यापुढे प्रादेशिक आराखडा २०११ मागे घ्यावा लागला होता. त्या वेळी रस्त्यावर उतरलेल्यांत डोंगर आणि शेते वाचवण्याची भाषा होती. भाजीच्या पिशवीशी तिचा किती जवळचा संबंध होता, हे आता अधिक कळते.

काही सहकारी म्हणतील, आम्ही डॉक्टर, बाजारपेठेचे अभ्यासक नव्हे. रुग्णाला पाच मिनिटे मिळतात, त्यात भाजीचे भाव कोठे विचारायचे? अडचण खरी आहे. पण पाच मिनिटांचा सल्ला पाळता येण्याजोगा नसेल तर ती पाच मिनिटेही वाया जातात. बालदम्याच्या रुग्णाला ऋतूप्रमाणे औषध कमी-अधिक करताना, पावसाळ्यात तापाच्या रुग्णाकडे लेप्टोस्पायरोसिसच्या संशयाने पाहताना आपण ऋतूचा विचार करतोच. ताटाच्या बाबतीत तो करू नये असे काही नाही.

आपल्या संस्थेने मनावर घेतले तर एक काम सहज होण्याजोगे आहे. औषध कंपन्यांनी वाटलेले, ब्रोकोलीच्या चित्राचे कागद बाजूला ठेवून मराठी आणि कोकणीत चार पानांचा पथ्याचा कागद काढावा : जून-जुलैचे एक पान, श्रावण ते चतुर्थीचे एक, हिवाळ्याचे एक, उन्हाळ्याचे एक. जून-जुलैच्या पानावर कडधान्ये, तायकिळा आणि शेवगा ठळक असावेत, खाऱ्या मासळीपुढे तांबडी खूण असावी आणि ती दोन-तीनदा पाण्यात भिजवून, पाणी टाकून घ्यावी अशी सूचना असावी. श्रावणाच्या पानावर सड्यावरची दोडकी, पडवळ, भेंडी. हिवाळ्याच्या पानावर तांबडी भाजी, मुळा, आगशीची वांगी मनमुराद. दुदी आणि कोंकणदुदी ही दोन्ही नावे वेगळ्या ओळींवर छापावीत. वॉरफरिन, मूतखडा आणि मूत्रपिंडाचे विकार यांच्यासाठी प्रत्येक पानाच्या तळाशी दोन ओळी पुरेत. मजकूर आपल्यापैकी चौघांनी बसून एका रविवारी होईल. छपाई मात्र एप्रिलअखेरीस झाली पाहिजे. जूनमध्ये कागद हाती येऊन फायदा नाही, कारण तोवर पुरुमेंताची खरेदी आटोपलेली असते आणि घरात खाऱ्याची बरणी भरून झालेली असते.